पोटाच्या मागच्या बाजूला मोठी गाठ, लिपोसार्कोमाची शंका. ऑपरेशन कुठं करावं? सांगली-साताऱ्याकडच्यांनी सांगा

वाळव्याचा_जावई

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसता वाचक होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. आमचे मामा म्हणजे सासरे, वय ६१, वाळवा तालुक्यात ऊस आणि थोडी हळद, दवाखान्याची पायरी कधी चढले नाहीत. गेलं वर्षभर पोट सुटायला लागलं, सगळे चेष्टा करायचे की मामींच्या हातचं अंगाला लागतंय, पण हातपाय आणि तोंड वाळत चाललेलं आणि विजारीची नाडी मात्र पुरेना. दुखणं शून्य. डाव्या पायाला सूज यायला लागली तेव्हा कुठं सोनोग्राफी झाली आणि मग सीटी स्कॅन. रिपोर्टमध्ये लिहिलंय की रिट्रोपेरिटोनियल मास म्हणजे पोटाच्या मागच्या जागेत गाठ, २४ सेंटीमीटर, बराचसा भाग चरबीचा, मधे एक घट्ट भाग, डावी किडनी पुढं ढकललेली, लिपोसार्कोमाची म्हणजे चरबीच्या कॅन्सरची शक्यता.

जिथं दाखवलं तिथले सर्जन म्हणाले चरबीची गाठ आहे, सोमवारी ॲडमिट करा, पोट उघडून काढून टाकू, बायोप्सीची काही गरज नाही. आता घरात दोन तट पडलेत. मेव्हणा म्हणतो डॉक्टर ओळखीचे आहेत, पटकन मोकळं होऊ. बायको म्हणते एवढी मोठी गाठ आहे तर अजून कुणाला तरी दाखवू. मला दोघांच्या मधे सँडविच करून ठेवलंय. कुणाच्या घरात असं काही झालं असेल तर कृपया लिहा, अगदी बारीकसारीक सुद्धा.

मिरज_जंक्शन

सोमवारचं पहिलं थांबवा, बाकीचं मग बोलू.

आमच्या आक्काचं सेम होतं, उजव्या बाजूला. "चरबीची गाठ" म्हणूनच उघडलं, जेवढी हाताला लागली तेवढी काढली, तुकड्या-तुकड्यात. रिपोर्ट नंतर आला त्यात लिपोसार्कोमा. तेव्हा सगळे खूष होतो की निघाली एकदाची, आणि दीड-दोन वर्षांत तिथंच परत, ह्यावेळी एक नाही, तीन ठिकाणी. मग परळला टाटाला गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये का, "पहिलं ऑपरेशन कुणी केलं आणि त्याच्या आधी बायोप्सी केली होती का?" दुसऱ्यांदा किडनी, आतड्याचा तुकडा सगळं काढावं लागलं आणि चिकटलेलं सोडवायला रात्र झाली. आज आक्का चांगली आहे, पण पहिल्याच वेळी नीट झालं असतं तर एवढं झालं नसतं हे डोक्यातनं जात नाही. दवाखान्याचं नाव विचारू नका, इथं लिहिणार नाही.

सर्जन_कराड

जावईबापू, रिपोर्ट प्रत्यक्ष न बघता सल्ला देता येत नाही हे आधीच सांगतो, पण काही गोष्टी सगळ्यांनाच लागू पडतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोटात आतड्यांच्या मागं, मणक्याच्या दोन्ही बाजूला, किडन्या जिथं असतात तिथं भरपूर मोकळी जागा असते. तिथं गाठ झाली तर ती कशालाही न दुखवता वाढत राहते, म्हणून २०-२५ सेंटीमीटर होईपर्यंत माणसाला पत्ताच लागत नाही, मामांचं काही दुर्लक्ष झालंय असं समजू नका. सार्कोमा म्हणजे चरबी, स्नायू असल्या भागांतून होणारा कॅन्सर, तो मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमधे साधारण १ टक्का, आणि त्यातलेही १०-१५ टक्केच ह्या मागच्या जागेत होतात. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणचा चांगला, हुशार सर्जनसुद्धा अख्ख्या करिअरमधे असे दोन-चारच बघतो. त्याच्या हाताबद्दल शंका नाही, पण हा आजार रोज बघणारी टीम वेगळी असते.

दुसरं, ह्या जागेत साधी चरबीची गाठ अगदी क्वचित असते. पाठीवर, दंडावर असते ती वेगळी. किडनीच्या मागं एवढी मोठी चरबी दिसली की लिपोसार्कोमाच धरून चालायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. आणि रिपोर्टमधे तो जो "घट्ट भाग" म्हटलाय तो महत्त्वाचा आहे, कारण नुसती चरबीसारखी दिसणारी लिपोसार्कोमा हळू चालते, पण तिच्यातच एखादा भाग बदलून जास्त आक्रमक झालेला असू शकतो. त्याला डीडिफरन्शिएटेड म्हणतात. बायोप्सी घ्यायची ती त्याच घट्ट भागातून, चरबीतून घेतली तर रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

बायोप्सी म्हणजे पोट उघडून तुकडा काढणं नव्हे हे लक्षात घ्या, दुर्बिणीतून पण नको. सीटीच्या मार्गदर्शनाखाली पाठीच्या बाजूने जाड सुईने, म्हणजे पोटाची पोकळी न ओलांडता. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेतात ती एफएनएसी इथं पुरत नाही. काही वेळा सीटीचं चित्र इतकं टिपिकल असतं की मोठ्या सेंटरला बायोप्सी न करता सरळ ऑपरेशनला घेतात, पण ते टीमने बसून ठरवायचं, एकट्याने घाईत नाही.

बायोप्सीची खरी गरज अजून एका कारणाने असते. ह्याच जागेत लिम्फोमा म्हणजे लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर होतो, तरुण मुलांत अंडकोषाच्या कॅन्सरच्या गाठी इथं येतात. दोन्ही केमोने बरे होण्यासारखे, पोट कापायचं कामच नाही. म्हणून एलडीएच, आणि तरुण पुरुषात एएफपी, बीटा एचसीजी ह्या रक्ततपासण्या आधी. आणि बीपी अचानक वरखाली होत असेल, घाम सुटून धडधड होत असेल तर सुई लावायच्या आधी मेटानेफ्रिन तपासा, कारण ॲड्रेनलची विशिष्ट गाठ असेल तर नुसत्या सुईने बीपी आकाशाला भिडतं.

हळदबाजार

एवढं घाबरू नका. आमच्याकडं एक जण गोमूत्र आणि ओल्या हळदीचा काढा देतो, चरबीच्या गाठी विरघळतात, पाहुण्यातल्या एकाची पाठीवरची गेली. तीन महिने घेऊन बघायला काय हरकत आहे, साइड इफेक्ट तर नाहीत.

मिरज_जंक्शन

@हळदबाजार, हळदीचं एवढं असतं तर सांगलीत एकही कॅन्सर पेशंट दिसला नसता, अख्खा देश इथनं हळद नेतो. तीन महिने हाच साइड इफेक्ट आहे हो. आज किडनी काढून भागतंय ते तीन महिन्यांनी मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत गेलं तर कोण जबाबदार?

बेदाणा

+१. आमच्या तासगावात पण असे काढेवाले बरेच हायत, गाठ वाढली की फोन उचलत नाहीत.

वाळव्याचा_जावई

सगळ्यांचे आभार. सोमवारचं रद्द केलं, मेव्हणा दोन दिवस बोलला नाही पण आता शांत आहे. डॉक्टरसाहेब दोन शंका. एक, गावात सगळे म्हणतात सुई लावली की कॅन्सर पसरतो, मामी तर त्यावरनं रडायलाच लागल्या. दुसरं, एकाने सांगितलं की गाठीबरोबर किडनी पण काढतात, तर किडनी चांगली असताना का काढायची? मामांना हे कसं समजावून सांगू?

सर्जन_कराड

सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याची भीती अगदीच काल्पनिक नाही, पण नीट केलेल्या जाड सुईच्या बायोप्सीत ती फार म्हणजे फारच कमी, शंभरात एकापेक्षा कमी. सुई आवरणाच्या नळीतून आत-बाहेर करतात त्यामुळं वाटेतल्या मांसाला लागत नाही. ह्याच्या उलट बायोप्सी न करता गाठ अर्धवट फोडून काढली तर पेशी सगळ्या पोटात सांडतात, ते खरं पसरणं. मामींना एवढंच सांगा.

आता किडनीचं. सार्कोमाच्या गाठीला बाहेरून एक पातळ आवरण दिसतं आणि उघडल्यावर मोह होतो की शेंग फोडून दाणा काढावा तशी अलगद सोडवून घेऊ. पण ते आवरण गाठीनेच आजूबाजूचं दाबून तयार केलेलं असतं, त्यात आणि त्याच्या बाहेर पण पेशी असतात. म्हणून गाठ न दाखवता, न फोडता, तिच्या भोवतीचं सगळं एकसंध काढायचं असतं. डाव्या बाजूला म्हणजे बहुतेकदा डावी किडनी, उतरतं मोठं आतडं, मागचा सोआस स्नायूचा थर किंवा भाग, कधी प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूट. किडनी रोगट म्हणून नाही, ती त्या बाजूची भिंत आहे म्हणून जाते. युरोपातल्या मोठ्या सेंटर्सनी २००९ च्या आसपास हे पद्धतशीर मांडलं आणि आता मूळ तत्त्व सगळीकडं मान्य आहे, कुठला अवयव घ्यायचा आणि कुठला वाचवायचा ह्यावर मात्र अजून वाद चालतात. मांडीला जाणारी मोठी नर्व्ह, महाधमनी असं काही उगाच काढत नाहीत, तिथं एकेक गोष्टीचा हिशोब असतो. आणि आतड्यांना रक्त देणारी मुख्य धमनी वेढली गेली असेल तर ऑपरेशन होतच नाही, हे पण स्पष्ट ऐकून ठेवा.

किडनी काढायच्या आधी डीटीपीए स्कॅन करतात, कुठली किडनी किती टक्के काम करते ते कळतं. उजवी चांगली असेल तर एका किडनीवर माणूस व्यवस्थित जगतो, शेती पण करतो. प्लीहा काढायची शक्यता असेल तर न्यूमोकॉकल वगैरे लसी शक्यतो ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायच्या, ही गोष्ट बऱ्याचदा विसरली जाते, तुम्ही आठवण करा.

धोका किती हे विचारलं नाहीत पण सांगतो. मोठ्या सार्कोमा सेंटर्सनी मिळून हजाराच्या वर पेशंटचा हिशोब प्रसिद्ध केलाय, त्यात साधारण सहातल्या एकाला गंभीर कॉम्प्लिकेशन आणि ३० दिवसांत मृत्यू २ टक्क्यांच्या आत. हे आकडे रोज असं काम करणाऱ्या जागांचे आहेत. म्हणून जागा निवडा म्हणतोय.

गणपतीपेठ

आधी रेडिएशन देऊन गाठ लहान करून मग ऑपरेशन असं नाही का करत? माझ्या मित्राच्या वडलांना रेक्टमच्या (गुदाशयाच्या) कॅन्सरला तसं केलं होतं.

सर्जन_कराड

चांगला प्रश्न. रेक्टमला चालतं ते इथं तसंच चालत नाही. स्ट्रास नावाची ट्रायल झाली, २६६ पेशंट, अर्ध्यांना आधी रेडिएशन आणि मग ऑपरेशन, अर्ध्यांना नुसतं ऑपरेशन. २०२० मधे निकाल आला, सगळे मिळून बघितलं तर रेडिएशनचा फायदा दिसला नाही. लिपोसार्कोमाच्या हळू चालणाऱ्या प्रकारात थोडा असू शकेल असं वाटतं, त्यावर चर्चा चालू आहे. ऑपरेशननंतर रेडिएशन तर शक्यतो टाळतातच, कारण गाठ काढल्यावर त्या खड्ड्यात आतडी येऊन बसतात आणि ती भाजतात. केमोचं पण तसंच, नुसत्या चरबीसारख्या प्रकारात जवळजवळ उपयोग नाही, डीडिफरन्शिएटेड आणि लियोमायोसार्कोमा (स्नायूतून होणारा सार्कोमा) ह्या दोन प्रकारांत आधी केमो द्यावी का हे बघायला वेगळी ट्रायल चालू आहे.

बेदाणा

माझ्या वडलांचं पण सांगतो, प्रकार वेगळा आहे पण शिकण्यासारखं आहे. जठराला लागून ९ सेंटीमीटरची गाठ, काळी शौच व्हायची, हिमोग्लोबिन ६ वर आलेलं. सगळ्यांनी जठराचा कॅन्सर म्हणून सोडून दिलं होतं. एंडोस्कोपीवाले डॉक्टर चांगले निघाले, म्हणाले वरनं आवरण चांगलं आहे, खालनं काहीतरी ढकलतंय. तुकडा काढून मार्कर केले, सीडी११७ पॉझिटिव्ह आलं, म्हणजे जिस्ट, जठर-आतड्याच्या भिंतीतून होणारी गाठ. ह्याला इमॅटिनिबची गोळी असते, दिवसाला ४०० मिलीग्रॅम. आधी काही महिने गोळी देऊन गाठ आटवली मग जठराचा छोटासाच भाग काढला, बाकीचं जठर वाचलं. लिम्फ नोड काढायची पण गरज नसते म्हणाले. ऑपरेशननंतर हाय रिस्कमधे तीन वर्षं गोळी.

गोळीचं एक सांगतो, माझ्या बापाला परवडली कारण २०१३ ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिसला पेटंट नाकारलं, आपल्या कंपन्यांची जेनेरिक मिळते. नाहीतर द्राक्षबाग विकून पण पुरलं नसतं. डोळ्याखाली सूज, पायात गोळे येतात, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, चालतं.

सांगायचा मुद्दा असा की पोटातली गाठ म्हणजे एकच आजार नाही. बायोप्सीचा कागद हातात येईपर्यंत कुणाचंच ऐकू नका, माझं पण नाही.

सातारी_कंदी

मी पण लिहिते. माझ्या सिझरच्या टाक्याच्या शेजारी पोटाच्या भिंतीत गाठ आली, मुलगी दीड वर्षाची असताना. एकाने हर्निया म्हटलं, एकाने टाक्यातला पू, साताऱ्यात एकीने तर सरळ ऑपरेशनची तारीखच दिली. नशीब भाऊजींनी एमआरआय आणि बायोप्सी करायला लावली, डेस्मॉइड निघाली. ही गाठ दुसरीकडं पसरत नाही पण जिथं आहे तिथं चिवट, कापली तर त्याच जागी परत यायची शक्यता. पूर्वी लगेच भलीमोठी भिंत कापून जाळी बसवायचे म्हणे. आता आधी नुसतं लक्ष ठेवतात, ठरावीक महिन्यांनी एमआरआय. माझी वर्षभर तेवढीच राहिली आणि आता थोडी बारीक झालीय, काही औषध न घेता. सासूबाईंना अजून पटत नाही की डॉक्टर काही करत कसे नाहीत, त्यांच्या मते फी घेतली की काहीतरी कापायलाच पाहिजे 😄

गणपतीपेठ

खर्चाचं पण कुणीतरी लिहा, खरी गोची तिथंच असते.

मिरज_जंक्शन

लिहितो. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डाला पण लागू आहे, आणि २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी तिथं जा, ऑपरेशन झाल्यावर गेलात तर काही होत नाही. उरलेल्याला मुख्यमंत्री सहायता निधी, अर्जाला डॉक्टरांचं खर्चाचं पत्र लागतं.

टाटाला जनरलमधे फाईल काढली तर खर्च बराच कमी, गर्दी मात्र प्रचंड. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडं दवाखान्याचं पत्र मागतात. सांगली-मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री बसायचं आणि सकाळी दादरला उतरायचं. कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सूट, सोबतच्याला ७५ टक्के, पण दवाखान्याचा ठरलेला फॉर्म भरून आणावा लागतो आणि आमच्या वेळी तो खिडकीवरच चालायचा.

आणि लगेच मुंबई गाठायलाच पाहिजे असं नाही. मिरजेला सिद्धिविनायक कॅन्सर हॉस्पिटल आहे, कराडला कृष्णा आहे, तिथं दाखवून "सार्कोमाच्या अशा केसेस तुम्ही करता का, की पुढं पाठवता" हा प्रश्न तोंडावर विचारा. चांगला डॉक्टर रागवत नाही. आक्काचा फॉलोअपचा सीटी आम्ही मिरजेलाच करतो आणि सीडी घेऊन जातो.

सर्जन_कराड

मिरज_जंक्शन यांच्याशी सहमत. रागावला तर तेच उत्तर समजा.

वाळव्याचा_जावई

धागा वर काढतोय, सगळ्यांना अपडेट द्यायचा होता. परळला दाखवलं. पाठीतून बायोप्सी झाली, मामा म्हणाले मुंगी चावल्यासारखं, मामींची भीती गेली. एमडीएम२ नावाच्या जनुकाची फिश टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे साधी चरबीची गाठ नव्हतीच, लिपोसार्कोमा आणि घट्ट भाग डीडिफरन्शिएटेड. छातीचा सीटी क्लिअर. डीटीपीएत उजवी किडनी चांगली निघाली.

ऑपरेशन झालं, सकाळी नेलं ते संध्याकाळी बाहेर आणलं. डावी किडनी, आतड्याचा भाग आणि सोआसचा थर गाठीबरोबर एकत्र काढला, प्लीहा वाचली. शौचाची पिशवी लावायला लागली नाही, आतडं तिथंच जोडलं. गाठ न फुटता निघाली हे सर्जननी दोनदा सांगितलं, त्यांनाच त्याचं जास्त समाधान दिसत होतं. मधे ताप आणि थोडं इन्फेक्शन झालं, त्यामुळं मुक्काम लांबला. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात इंजेक्शनं घरी आल्यावर पण चालू होती, ती आमच्या गावातली नर्सताई द्यायची.

आता मामा घरी आहेत, पोट सपाट झालं म्हणून आरशापुढनं हलत नाहीत. पण डाव्या मांडीचा पुढचा भाग बधिर आहे आणि पायरी चढताना पाय उचलत नाही नीट. हे असंच राहणार का? आणि मेव्हणा विचारतोय की सगळं निघालंय तर दर तीन-चार महिन्यांनी सीटी कशाला, रेडिएशन लागतं म्हणे.

सर्जन_कराड

छान बातमी. सोआस हा पाय वर उचलणारा स्नायू, त्याचा थर काढल्यावर पायरीला त्रास होतो, बहुतेकांना फिजिओथेरपीने बराच सुधारतो, काही महिने धरा. बधिरपणा हा कातडीच्या बारीक नसांचा असतो, तो कमी होतो किंवा सवयीचा होतो, चालण्याला अडथळा नाही. मात्र पाय अचानक सुजला, पोटरी दुखली तर वाट न बघता दाखवा. एका किडनीवर आहेत तर गुडघेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधनं परस्पर घेऊ देऊ नका, शेतकरी माणसं हमखास घेतात.

सीटी चुकवायचा नाही. ही गाठ परत आली तर बहुतेक त्याच जागेत येते, आणि डीडिफरन्शिएटेडमधे पहिली दोन-तीन वर्षं जास्त जोखमीची. पहिली दोन-तीन वर्षं तीन-चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, पुढं वर्षाला एकदा. पुढचं म्हणजे कायमच, कारण लिपोसार्कोमा दहा वर्षांनी पण उगवलेली बघितलीय. लहान असताना सापडली तर परत काढता येते. दर वेळी जुन्या सीटीची सीडी बरोबर न्या, नुसता छापील रिपोर्ट नको, मोठ्या खड्ड्यात छोटी गाठ तुलना केल्याशिवाय दिसत नाही. सीटीचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन द्यायच्या आधी क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या आणि एक किडनी आहे हे सेंटरवाल्याला तोंडी सांगा.

मिरज_जंक्शन

आणि बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स पण ताब्यात घेऊन ठेवा, नुसत्या कागदाच्या फाईलवर कुणी पुढचं सांगत नाही. आक्काच्या वेळी पहिल्या ऑपरेशनचे ब्लॉक शोधायला लॅबच्या गोडाऊनपर्यंत जावं लागलं होतं. घरात डब्यात, उन्हापासून लांब ठेवा, ब्लॉक मेणाचे असतात.

वाळव्याचा_जावई

ब्लॉक परळलाच आहेत, पुढच्या तारखेला विचारतो कसे मिळतात ते. क्रिएटिनीन उद्याच करून घेतो. आणि मेव्हण्याला हा धागा वाचायला दिलाय, तो सध्या हळदबाजारच्या पोस्टवर अडकलाय.